टिचबटण कुठल्या ढिगात?

घराची पारख दिवाणखान्यावरून करू नये, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणावरून करावी. वरच्या खणात चमचे असतात, त्याखाली लाटणं, किसणी, सांडशी ही मंडळी, आणि तळच्या खणात उरलेलं जग. संपलेले सेल, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, रबरबँडांचा गुंता, वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेली आणि कुणीच न उघडलेली अत्तराची कुपी. या खणाला घरात नाव नसतं. सरकारी अर्जात मात्र असतं: 'इतर', आणि पुढे कंसात 'नमूद करा' अशी दमदाटी. आवराआवरीला बसलेला प्रत्येक मोठा माणूस शेवटी या खणाला शरण जातो.

लहान मुलं जात नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे तो खण उपडा करून बघा. 'इतर' नावाचा ढीग ते करतच नाही. मेणबत्तीशेजारी किल्ली ठेवतं, कारण मेणबत्ती संपली की अंधार, अंधार झाला की घरी जायचं, आणि घरी जायचं तर किल्ली हवी. सेल आणि रबरबँड एकत्र, कारण रिमोटचं झाकण रबरबँडच्याच जिवावर टिकून आहे. एकही वस्तू पोरकी राहत नाही.

मुलांच्या या कारभाराकडे मी लक्ष देऊन बघायला लागलो ते आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्यांच्या संगणकवर्गामुळे. नातीला सोडायला जातो आणि गुडघ्यांचं निमित्त करून मागच्या खुर्चीत बसून राहतो. या वर्गात संगणक नाही. पहिल्या शनिवारी पालकांनी तो बराच शोधला. सतरंजी होती, फळा होता, आणि शिकवणाऱ्या ताईंच्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात बटणं होती. एका बाबांनी फी परत मिळेल का, अशी हलक्या आवाजात चौकशीही केली. ताईंनी त्यांना सांगितलं, की वस्तू नीट बघणं, त्यांचे गुण ओळखणं आणि गुणांप्रमाणे त्या वेगळ्या करणं हाच संगणकाचा पहिला धडा आहे; पडदा नंतर. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्र आहे आणि तिथेही सुरुवातीला हेच चालतं, असंही त्या म्हणाल्या. इंग्लंडचं नाव निघताच बाबांचा चेहरा निवळला. हेच काम त्यांच्या आईने जन्मभर सूप आणि चाळण घेऊन केलं, असं ताईंनी सांगितलं असतं, तर फी नक्की परत द्यावी लागली असती.

"सारखी सारखी बटणं एकत्र करा," ताईंनी सांगितलं. एवढंच. कशात सारखी, ते मुद्दाम सांगितलं नाही. एका मुलीने रंग धरले. एकाने भोकं मोजली: दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. एकाने बटणं वाजवून बघितली आणि 'टकटक' व 'टिकटिक' असे दोन ढीग केले. पत्र्याचं आणि प्लास्टिकचं हा फरक त्याने कानाने ओळखला होता. माझ्या नातीने एक मोठं काळं बटण, बहुधा कुठल्याशा कोटाचं, मध्ये ठेवलं आणि भोवती पाच-सहा बारकी पांढरी बटणं लावली.

"ही कशी गं सारखी?" ताईंनी विचारलं.

"सारखी नाहीत. ही आजी आहे. ही सगळी तिच्याकडे सुट्टीत आलीत."

ताई हसल्या, पण त्यांनी ते मान्य केलं नाही. "हे कुटुंब झालं. आपल्याला गट हवाय," त्या म्हणाल्या. नातीला यातला फरक पटलेला दिसला नाही, आणि मलाही तो आजतागायत पुरता पटलेला नाही.

या भांडणात नातीच्या बाजूने साक्ष द्यायला माणसं आहेत. अलेक्सांदर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यापाड्यांतून फिरला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांपुढे तो चार चित्रं ठेवायचा: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेला कुणीही सांगेल, ओंडका. बाकीची तीन हत्यारं. शेतकरी म्हणायचे, वेगळं कुणीच नाही, चारही लागतात. ओंडकाच काढून टाकला तर करवत कापणार काय? एका माणसाने तीन हत्यारं एकत्र ठेवली होती, असं सुचवून बघितलं, तर उत्तर आलं की त्याच्याकडे सरपणाची ददात नसेल. हे उत्तर मला अतिशय आवडतं. परीक्षा घेणाऱ्याला वाटत होतं, की आपण बुद्धी मोजतोय. समोरच्याला वाटत होतं, की या शहरी माणसाने कधी लाकूड फोडलेलं दिसत नाही. त्याच भागात थोडंफार शिक्षण मिळालेले लोक मात्र ओंडका बाजूला काढायला लागले होते. शाळा माणसाला काय शिकवते, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. शाळा ओंडका उचलायला शिकवते.

आणि यंत्राला नेमकं तेच हवं असतं. त्याला आजी कळत नाही, सुट्टी कळत नाही. त्याला प्रत्येक बटणाविषयी ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं हवीत. रंग? काळा. भोकं? चार. माप? मोठं. एवढ्या चिठ्ठ्या लावून दिल्या, की ते लाखभर बटणं क्षणात लावून देईल, आणि त्यातलं कुठलं कुणाच्या शर्टाचं होतं, याची त्याला चौकशी नाही. ताईंचं म्हणणं असं, की मुलांना ही यंत्राची मर्यादा लहानपणीच कळली पाहिजे. मला हे पटतं. फक्त ती यंत्राची मर्यादा आहे, मुलाची चूक नव्हे, हे शिकवणाऱ्याने विसरू नये.

बालशिक्षणातली थोर मंडळी यावर फार पूर्वी भांडून बसली आहेत. झोल्तान दिएनेश या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने मुलांसाठी तर्काचे ठोकळे रूढ केले. पूर्ण संच ४८ ठोकळ्यांचा. चार आकार, तीन रंग, दोन मापं, दोन जाड्या. गुणाकार करा, बरोबर ४८ येतात. प्रत्येक जोडणी एकदाच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. लाल मोठा जाड त्रिकोण एकच. देवाने सृष्टी निर्माण करण्याआधी एखाद्या गणितज्ञाला विचारलं असतं, तर सृष्टी अशी झाली असती. या ठोकळ्यांत 'इतर' नाही. हरवलेला तुकडा कुठला, हेसुद्धा न बघता सांगता येतं.

उलट टोकाला आपलं बोर्डी गाव. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तिथे बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीबाई स्वतः १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या, आणि त्यांच्या साधनांचा इथल्या शिक्षकांवर मोठा प्रभाव होता. त्यांचा गुलाबी मनोरा अजूनही चांगल्या बालवाड्यांत दिसतो: दहा घन, सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. पण अशी रंधा मारलेली, मापात बसवलेली साधनं खेड्यातल्या, वारली पाड्यावरच्या मुलांसाठी आणायची कुठून? ताराबाई-अनुताईंनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. कारण अर्थातच पैशाचं होतं. पण त्यातून एक वेगळीच गोष्ट साधली, असं मला वाटतं. शिंपला दिएनेशच्या ठोकळ्याइतका आज्ञाधारक नसतो. तो थोडा पांढरा, थोडा करडा, एका बाजूने फुटका असतो. त्याला कुठल्या ढिगात टाकायचं, हे ठरवावं लागतं, आणि ठरवताना शेजारच्याशी भांडावं लागतं. ४८ ठोकळ्यांवरून भांडण होऊच शकत नाही. तिथे फक्त कुणाचं तरी चुकतं.

आमच्या वर्गात हे भांडण टिचबटणावरून झालं. भोकं मोजणाऱ्या मुलाला डब्यात एक टिचबटण सापडलं. त्याला शिवायची भोकं कडेने असतात, मध्ये एका भागाला बोंड आणि दुसऱ्याला खळगी. हे चार भोकांत जाणार की पाच? आणि हे एक बटण की दोन? ताईंनी फळ्यावर लिहिलं, 'आधी नियम, मग वस्तू'. मुलांना अजून वाचता येत नसल्यामुळे त्यांच्यावर याचा काही परिणाम झाला नाही. शेवटी एका मुलाने निकाल दिला: "ते दोघं भेटले की बटण. नाही भेटले तर नाही." मागच्या खुर्चीवरून मी टाळी वाजवणार होतो, पण मला शांत बसण्याच्या अटीवर प्रवेश आहे.

यानंतर ताईंनी या वर्गातली सगळ्यात क्रूर गोष्ट केली. "आता सगळे ढीग मोडा," त्या म्हणाल्या. मुलं बघतच राहिली. रंगांचे ढीग करणारीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं लावलं ते मोडायचं? "हो. तीच बटणं, नवा प्रश्न." मग रंगवाली भोकांकडे वळली, भोकंवाला आवाजाकडे, आणि नात, बऱ्याच विनवण्यांनंतर, रंगाकडे. मला विचाराल, तर खरा धडा हा होता. ढीग कुणीही करतं. तोच ढीग मोडून दुसऱ्या प्रश्नाने लावता येतो, आणि त्यामुळे पहिला खोटा ठरत नाही, हे समजायला मोठ्यांनाही वेळ लागतो. काहींचे ढीग शाळेतून निघताना जे लागतात, ते साठीपर्यंत तसेच असतात.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेने मुलांपुढे लाकडी मणी ठेवले होते. बरेचसे तपकिरी, दोन-चार पांढरे. तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी? पाच-सहा वर्षांचं मूल बेधडक सांगतं, तपकिरी. सगळेच लाकडी आहेत हे त्याला माहीत असतं, विचारलं तर ते तसं सांगतंही. तरी तपकिरीच जास्त. मी हा प्रयोग घरी आंब्यांवर केला. टोपलीत आंबे आणि दोन केळी. "आंबे जास्त की फळं जास्त?" नात म्हणाली, "आंबे." मी म्हटलं, "पण आंबासुद्धा फळच ना?" ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "मग आधीच विचारायचं ना, की केळी किती आहेत?" माझ्या प्रश्नातला तिढा तिने माझ्याच गळ्यात घातला. एकच आंबा एकाच वेळी आंब्यांच्या ढिगात आणि फळांच्याही ढिगात कसा असेल? हातात घेतलेली वस्तू एकाच जागी ठेवता येते. मोठ्यांना हे जमतं, कारण आपण वस्तू ठेवतच नाही, नुसती नावं ठेवतो.

आंब्याचा हा पेच ग्रंथपालांनाही छळतो. मराठवाड्यातल्या कापसावरच्या रोगांचा इतिहास, हे पुस्तक शेतीत ठेवायचं, रोगांत, इतिहासात की मराठवाड्यात? मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये लंडनला शिकायला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ बघितला. त्याच त्या पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट. जोडणी बदलली की क्रेनची मोटार होते. ज्या वस्तूपुढे इतर गिऱ्हाईकं 'पोराला घ्यावं का' एवढाच विचार करत असतील, तिच्यापुढे या माणसाला सगळ्या विश्वाच्या ज्ञानाची कपाटं दिसली. पुस्तकाला आधीच बांधलेल्या एका कप्प्यात कोंबायचं नाही. त्याला वेगवेगळे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जोडून त्याचा पत्ता तयार करायचा. त्यातून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली, १९३३ मध्ये छापली गेली. आज दुकानाच्या संकेतस्थळावर आपण 'सुती', 'निळा', 'पाचशेच्या आत' अशा खुणा करत सदरा शोधतो, त्यामागचा विचार रंगनाथनांच्या विचाराचा सख्खा भाऊ आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकाने खेळण्याच्या दुकानात वेळ घालवला, हे मी सुनेला मुद्दाम सांगितलं. तिने ते ऐकलं आणि खेळण्यांचं कपाट कुणी आवरायचं, असा नवा प्रश्न विचारला.

गटांनंतर क्रम आला. क्रम म्हणजे मुलांच्या दृष्टीने रांग, आणि रांग म्हणजे शाळेतले पीटीचे सर. ते चाळीस मुलांना उंचीप्रमाणे कसं लावतात, हे पूर्वी कधी निरखलं नव्हतं. सर एका मुलाचा दंड धरतात, रांगेवरून नजर फिरवतात आणि त्याला बरोबर दोघांच्या मध्ये खुपसतात. यंत्राला अशी नजर फिरवता येत नाही. त्याला एका वेळी दोनच दिसतात: यातला उंच कोण? सांगा, मग पुढचे दोन. चाळीस मुलांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी पाठीला पाठ लावून उभं केलं, तर ७८० वेळा मापावं लागेल, तोवर प्रार्थनाच काय, मधली सुट्टीही संपेल. पण आधी दोघादोघांच्या जोड्या लावा, मग जोड्यांच्या चौकड्या, चौकड्यांचे आठ, असं लावलेल्या रांगा एकमेकींत मिसळत गेलात, तर कितीही वाईट नशीब असलं तरी १७७ वेळांत काम होतं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९४५ मध्ये संगणकासाठी ही युक्ती लिहून काढली. त्याला पीटीचे सर भेटले असते तर बरं झालं असतं, दोघांनाही.

हे सगळं विजेशिवाय शिकवता येतं. टिम बेल, इयन विटेन आणि माइक फेलोज या संगणकशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात न्यूझीलंडमधून असे खेळ जगभर पोचवले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून शाळांत तेच करतो आहे. ताईंनी त्यातला एक खेळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने काढला. सहा रेघा, मध्ये मध्ये गोल. सहा मुलं हातात आकड्यांचं कार्ड घेऊन चालायला लागतात. गोलात दोघं भेटतात, लहान आकडा डावीकडे जातो, मोठा उजवीकडे. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, कुणालाही माहीत नसतं. फक्त समोरच्याकडे बघायचं आणि वळायचं. आणि रेघांच्या दुसऱ्या टोकाला सगळी मुलं चढत्या क्रमाने बाहेर पडतात. मुलांना हे जादूसारखं वाटलं. मलाही वाटलं, आणि मला तर का होतं ते माहीत होतं. गोंधळ एकाच गोष्टीचा झाला: डावं-उजवं. एका मुलाला जेवायचा हात आठवेपर्यंत मागे तिघं खोळंबली.

अक्षरांच्या क्रमाची मात्र मला वेगळीच गंमत वाटते. आपली व्यंजनं नुसती ओळीत नाहीत, ती तक्त्यात आहेत. आडवे पाच, उभे पाच. आडव्या ओळीत उच्चाराची जागा एक, उभ्या ओळीत उच्चाराची तऱ्हा एक. क म्हणताना घसा, प म्हणताना ओठ. दिएनेशच्या ठोकळ्यांसारखं हे वर्गीकरण आपल्याकडे हजारो वर्षं पाठ म्हटलं जातंय. पण पंचवीस झाले, की मग य, र, ल, व असे तक्त्यात न मावलेले येतात, आणि ह झाल्यावर बिचारा ळ. तो वर्णमालेतला 'इतर' आहे. संगणकाच्या युनिकोडने त्याला ल आणि व यांच्या मधोमध बसवलं. त्यामुळे मराठीची वेगळी समज न दिलेलं यंत्र 'काळा' हा शब्द 'काशी'च्या आधी लावतं, आणि शाळेतल्या क्रमाने शोधणारा माणूस 'काही'च्या पुढे तो शोधत बसतो. कुणाचं बरोबर? ताईंच्या फळ्यावर लिहिलंय तसं, आधी नियम, मग वस्तू. दोन नियम असतील, तर दोन बरोबर.

गेल्या शनिवारी ताईंनी मुलांना बटणांतून बाहेर काढलं. "हॉलबाहेर चपला आहेत. नीट लावा. प्रश्न तुम्हीच ठरवा, पण सगळ्यांनी मिळून." आत पालकसभा सुरू होती, विषय अर्थातच 'पडद्यावर शिकवायला कधी सुरुवात करणार'. सभा लांबली. बाहेरून कुजबुज, ढकलाढकली आणि एकदा 'अरे भोकं नाही, भोकं नाही!' असं ओरडणं ऐकू आलं.

बाहेर येऊन बघतो, तर व्हरांड्यात दोन लांबच लांब रांगा. एकीत सगळ्या डाव्या चपला, दुसरीत सगळ्या उजव्या. दोन्ही रांगा लहानापासून मोठ्यापर्यंत काटेकोर लावलेल्या. पार्किंगमधलं डावं-उजवं सगळ्यांना पक्कं झालं होतं. गुणांनी बघितलं, तर चूक काढायला जागा नव्हती: डावी चप्पल तिच्या उजवीपेक्षा दुसऱ्या डाव्या चपलेसारखीच जास्त असते. टिचबटणाचा न्याय देणारा मुलगा बाजूला जरा नाराज उभा होता. त्याचं मत मतदानात पडलं होतं.

पालकांची पळापळ सुरू झाली. फीची चौकशी करणारे बाबा एक डावा बूट हातात घेऊन उजव्या रांगेवरून पुढे-मागे फिरत होते. माझी नात त्यांच्याजवळ गेली.

"काका, पहिल्यापासून नका बघू. मधला उचला. तुमच्यापेक्षा लहान असला तर तिकडे शोधा, मोठा असला तर इकडे."

काकांनी आज्ञाधारकपणे मधला उचलला. तो माझा होता, आणि त्यांच्या पायात अगदी नेमका बसला.